कान्सला गेलात तर रेड कार्पेट सोडा, समोरची ही दोन बेटं बघा!

कान्स म्हटलं की रेड कार्पेट आणि सेलिब्रिटींचे गाऊन आठवतात. पण फ्रान्समधल्या या शहरासमोरच समुद्रात लेरां बेटं आहेत, बोटीने जेमतेम १५-२० मिनिटांवर.

मोठं बेट सेंत-मार्गरीत. पाईन आणि निलगिरीचं जंगल, पायवाटा, पर्यटकांच्या गाड्या नाहीत. इथल्या किल्ल्यात ‘लोखंडी मुखवट्यातला कैदी’ १६८७ ते १६९८ अशी ११ वर्षं डांबलेला होता. त्याची कोठडी आजही बघता येते. मुखवटा मात्र लोखंडाचा नव्हे, मखमलीचा असावा असं अनेक अभ्यासक मानतात! बेटाजवळच्या उथळ पाण्यात २०२१ मध्ये सहा भव्य चेहऱ्यांची शिल्पं बसवली आहेत. पोहता येत असेल तर स्नॉर्केल लावून ती फुकटात बघता येतात.

छोटं बेट सेंत-ओनोरा. इथे पाचव्या शतकात मठ उभा राहिला. आजही साधू राहतात, द्राक्षं पिकवतात, वाईन बनवतात. त्यामुळे मठात पोहण्याचे कपडे आणि गोंगाट नको.

गोची एकच. दोन्ही बेटांच्या बोटी वेगळ्या, तिकिटंही वेगळी. दोन्ही बघायची तर मध्ये कान्सला परत यावं लागतं. वेळ कमी असेल तर आधीच एक बेट निवडा आणि उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ बघून ठेवा.