तार एक, स्वर अनेक

तंबोऱ्याच्या चार तारा साधारणपणे पंचम, षड्ज, षड्ज आणि खर्ज अशा लावतात. गंधाराची तार त्यांत नसते. तरीही तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून गंधार स्पष्ट ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. सतार, सरोद, व्हायोलिन, शिकायचे काहीही असो, आधी हा गंधार ऐकता यायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

छेडलेली तार सबंध थरथरते, तशीच त्याच वेळी दोन, तीन, चार, पाच भागांतही थरथरते. खर्ज सेकंदाला १०० कंपनांचा धरला, तर त्याच तारेतून २००, ३००, ४००, ५०० कंपनांचे उपस्वर निघतात. २०० आणि ४०० हे वरचे षड्ज, ३०० हा पंचम आणि ५०० हा गंधार. सप्तकाचे बारा समान भाग करून लावलेल्या पेटीवर हाच गंधार जवळपास ५०४ कंपनांचा येतो. दोन्ही एकदम वाजले की आवाज सेकंदाला चार वेळा हेलकावतो. शिकलेल्या कानाला तो हेलकावा लगेच खटकतो.

उपस्वर गिटारच्या तारेतही असतात. मग तंबोऱ्यातच ते एवढे ठळक का? हा प्रश्न चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी कोलकात्यात हाती घेतला आणि १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर निबंध प्रसिद्ध केला. थॉमस यंग यांचा जुना नियम असा, की तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल, तो उपस्वर उमटत नाही. म्हणजे तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा उपस्वर गायब व्हायला हवा. तंबोऱ्यात आणि वीणेत हे उपस्वर खणखणीत ऐकू येतात, असे रामन यांनी दाखवले.

कारण घोडीत आहे. गिटारची तार एका धारेवर टेकते. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद आणि किंचित उतरता असतो. थरथरणारी तार त्या माथ्याला चाटत राहते, टेकण्याची जागा दर कंपनात मागेपुढे सरकते आणि खालच्या स्वराची ऊर्जा वरच्या उपस्वरांकडे जाते. हीच जवारी. तारेखाली सरकवलेला सुताचा दोरा तिची नेमकी जागा पकडतो. दोरा केसभर हलला तरी आवाज मिटतो किंवा फाटतो.

घोडीचा माथा कानशीने घासून जवारी काढण्याची कारागिरी मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. भोपळे येतात सोलापूर जिल्ह्यातून. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या कारागिरांच्या कानाला प्रयोगशाळेतल्या उपकरणाइतकाच मान मिळायला हवा.

सतार शिकणाऱ्याला तर परीक्षक वाद्यातच मिळतो. पडद्यांखालच्या तरफा रागाच्या स्वरांत लावलेल्या असतात. वरच्या तारेवर स्वर नेमका लागला की त्या स्वराची तरफ न छेडता वाजू लागते. मींड थोडी कमी खेचली तर ती फारशी बोलत नाही. तरफेवर कागदाचा हलका कपटा ठेवला तर स्वर बरोबर लागताच तो थरथरताना दिसतो. सरोदला आणि व्हायोलिनला पडदेच नसल्याने तिथे बोटाची जागा कानानेच शोधावी लागते.

मोबाईलवरचा तंबोरा प्रवासात उपयोगी पडतो, पण तो आयता जुळलेला असतो. जुळवण्याची मेहनत तो करू देत नाही. म्हणून नव्या विद्यार्थ्यांना आग्रहाची विनंती: वर्गात खरा तंबोरा असेल तर गुरुजींच्या देखरेखीखाली खर्जाच्या तारेचा दोरा काढा, तार छेडा, मग दोरा हळूहळू सरकवत गंधार कुठे उमलतो ते ऐका.