सदोमचे पाप कोणते?

व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे कामगार चळवळीवरील व्याख्यान मागितले होते. आम्ही विषय कळविला तो ज्यू धर्मातील समलिंगी संबंधांविषयीच्या मतांचा. तेव्हा एका सभासदाने सरळच विचारले, "तुमचा आणि ह्या विषयाचा संबंध काय?" प्रश्न रास्त होता. म्हणून त्याचे उत्तर आधी देतो आणि मग विषयाकडे वळतो.

वीस-बावीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमच्या युनियनचा एक तरुण लेथकामगार होता. कामात वाकबगार, वर्गणी वेळेवर देणारा. तो एका पुरुषाबरोबर संसार करतो अशी कुणकुण खात्यात लागली आणि कँटीनमध्ये त्याच्या टेबलाशी कोणी बसेनासे झाले. त्याच्या कपाटावर खडूने नको ते लिहिले जाऊ लागले. तो आमच्याकडे आला. आम्ही त्यास म्हणालो, "बाबा रे, हा खासगी प्रश्न आहे, युनियनचा नव्हे." महिन्याभरात त्याने राजीनामा दिला आणि हिशेब घेऊन तो गेला. त्याच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही आमचीच आहे.

पुढे काही वर्षांनी, कामगार-न्यायालयांच्या निवाड्यांसंबंधी एक इंग्रजी पुस्तक शब्दकोश मांडीवर घेऊन वाचत असता (आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे, बाकी सारे असेच झाले आहे) इस्रायलमधील एक खटला आमच्या नजरेस पडला. एल अल ही त्या देशाची विमान कंपनी. तेथील सामूहिक कराराप्रमाणे कर्मचाऱ्यास व त्याच्या जोडीदारास विमानाचे तिकीट फुकट वा सवलतीने मिळे. लग्न न करता नवरा-बायकोसारखे एकत्र राहणाऱ्यांनाही ते मिळे. योनातन डॅनिलोविच ह्या विमानसेवकाने आपल्याबरोबर राहणाऱ्या पुरुष जोडीदारासाठी तेच तिकीट मागितले. कंपनीने नाकारले. तो कामगार न्यायालयात जिंकला, कंपनी वर गेली, तेथेही हरली, आणि शेवटी ३० नोव्हेंबर १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने त्याच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती आहारोन बराक ह्यांचा युक्तिवाद साधा होता : जोडीदारापासून दूर राहण्याचे दुःख जोडीदार पुरुष असला म्हणून कमी होते काय?

आम्ही जो प्रश्न खासगी म्हणून परत पाठविला, त्याच जातीचा प्रश्न तेथे करारातील एका कलमाचा होऊन न्यायालयात उभा राहिला होता. ही गोष्ट आम्हांस लागली. आणि दुसरे एक कुतूहल उत्पन्न झाले. ज्या देशात ज्यूंची लग्ने आणि घटस्फोट अजूनही रब्बींच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या, हाती आहेत, ज्यांच्या धर्मग्रंथात ह्या संबंधांस देहान्त शिक्षा सांगितली आहे, तेथे हे घडले कसे? त्या ओढीने आम्ही वाचीत गेलो. हिब्रू आम्हांस येत नाही, भाषांतरांवरच आमची भिस्त आहे.

मूळ वचन तोरा ग्रंथाच्या तिसऱ्या भागात, लेवीय ह्या पुस्तकात आहे. अठराव्या अध्यायात पुरुषाने पुरुषाशी स्त्रीप्रमाणे संग करू नये असे सांगितले आहे, आणि विसाव्या अध्यायात त्यास देहान्त शिक्षा. ही वचने स्पष्ट आहेत, त्यांस लोणी लावण्यात अर्थ नाही. मात्र त्या कृत्यास तेथे जो शब्द लावला आहे तो 'तोएवा', आपल्याकडच्या भाषेत अमंगळ. हाच शब्द तोरामध्ये निषिद्ध अन्नास लावला आहे, आणि खोटी वजनमापे ठेवणाऱ्या दुकानदारासही लावला आहे. खोट्या तराजूवरून कोणास गावाबाहेर काढल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही. ह्या शब्दाचा अर्थ काय, असा प्रश्न ताल्मुदमध्ये एका लग्नाच्या मेजवानीत निघतो आणि बार कप्पारा नावाचे पंडित त्याची शब्दफोड करून कोटी करतात : तू येथे वाट चुकतोस. वाट चुकलेला मनुष्य आणि अमंगळ मनुष्य ह्यांत पुष्कळ अंतर आहे.

देहान्त शिक्षेचे म्हणाल तर, दोन साक्षीदार हवेत, त्यांनी आधी ताकीद दिलेली हवी, अशा अटी रब्बींनी घातल्या की ती अंमलात येणे दुरापास्त व्हावे. सात वर्षांत एकास जरी फाशी दिली तरी ते न्यायालय घातकी, असे त्यांच्याच मिश्ना ग्रंथात मत नोंदले आहे. स्त्रियांविषयी तोरा काहीच बोलत नाही. बाराव्या शतकात मायमोनिडीस ह्यांनी तो संबंधही निषिद्ध ठरविला, पण तोरातील शिक्षा त्यास लागू नाही असे सांगितले. दोन अविवाहित पुरुषांनी एका पांघरुणाखाली निजावे की नाही ह्यावरही ताल्मुदमध्ये वाद आहे. रब्बी यहुदा नको म्हणतात, बाकीचे म्हणतात खुशाल निजा, आपल्या लोकांवर तसा संशय नाही. म्हणजे दृष्टी अशी की असे लोक आपल्यांत नाहीतच. ज्या गोष्टीचे अस्तित्वच मानले नाही तिच्याविषयी नियम कडक ठेवणे सोपे जाते, हा अनुभव आम्ही आमच्याही संघटनेत घेतला आहे.

आता सदोम. ह्या नगरीच्या नावावरून इंग्रजीत पुरुषांच्या संबंधांस एक गुन्हेवाचक शब्द पडला, आणि तो विचार युरोपातून कायद्याच्या पुस्तकांत उतरला. इंग्रजांनी आपल्याकडे १८६० सालच्या दंडसंहितेत ३७७ कलम घातले आणि पॅलेस्टाइनमध्ये १९३६ साली तसेच कलम आणले. इस्रायलने ते वारसा म्हणून घेतले. १९५३ साली तेथील महान्यायवादी हाईम कोहन ह्यांनी, संमतीने झालेल्या संबंधांवर ते चालवू नये अशी सूचना दिली, आणि १९८८ साली संसदेने ते रद्द केले. आपल्याकडे त्याच प्रकारच्या संबंधांपुरते ते कलम सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी मोडीत काढले.

पण ज्यूंच्या स्वतःच्या ग्रंथांत सदोमचे पाप कोणते सांगितले आहे? उत्पत्तीच्या पुस्तकात त्या नगरीचे लोक लोटच्या घरी आलेल्या पाहुण्यांवर बलात्कार करण्यास दारावर चालून येतात, हे खरे. अलेक्झांड्रियाच्या फायलो ह्या पहिल्या शतकातील ज्यू तत्त्वज्ञाने ह्या कथेतून पुरुषांच्या संगाचाच दोष काढला, हेही खरे. परंतु यहेज्केल संदेष्टा म्हणतो की, सदोमला गर्व होता, अन्नधान्य मुबलक होते, स्वास्थ्य होते, आणि तरी तिने दीनदुबळ्यांना हात दिला नाही. ताल्मुदने तर ह्यावर गोष्टींचा कारखानाच उघडला आहे. सदोममध्ये वाटसरूसाठी एकच खाट असे. तो लांब असला तर पाय कापीत, आखूड असला तर ताणीत. भिकारी आला तर प्रत्येकजण त्यास आपले नाव घातलेले नाणे देई, पण भाकरी कोणी देत नसे, आणि तो उपाशी मेला की ज्याचे त्याचे नाणे ज्याचा तो उचलून नेई. एका मुलीने घागरीत लपवून गरिबाला भाकरी दिली, तेव्हा तिच्या अंगास मध फासून तिला गांधीलमाशांच्या स्वाधीन केले.

ह्या गोष्टी वाचताना आम्हांस कित्येक कारखान्यांची आठवण झाली, हे कबूल करतो. नाव घातलेले नाणे म्हणजे कागदावर पगारवाढ आणि हातात काही नाही! रब्बींनी ह्यावरून कायद्याचा एक सिद्धान्तही काढला. ज्या गोष्टीत दुसऱ्याचा फायदा होतो आणि आपले काही जात नाही, ती नाकारणे ही 'सदोमची रीत', आणि न्यायालयाने मनुष्यास ती सोडण्यास भाग पाडावे. एल अलच्या तिकिटाकडे ह्या दृष्टीने कोणी पाहिले होते की नाही न कळे, आम्ही मात्र पाहिले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील ज्यूंमध्ये हा प्रश्न दाराशी आला, कारण ज्यांचे अस्तित्वच नाकारले होते ते लोक स्वतःचे नाव सांगून उभे राहिले. १९७२ साली लॉस एंजेलिस येथे समलिंगी ज्यूंनी बेथ हाईम हदाशीम हे सिनेगॉग स्थापिले, आणि दोन वर्षांत सुधारणावादी पंथाच्या महासंघाने त्यास सभासद करून घेतले. ह्या पंथास रूढीचे ओझे हलके, त्यामुळे त्याची वाटचाल तशी सुकर झाली. १९९० साली त्याने समलिंगी रब्बींस मान्यता दिली, २००० साली अशा जोडप्यांचे विधी करण्याची मोकळीक आपल्या रब्बींना दिली. ह्यावर अधिक रेंगाळत नाही.

खरी कसोटी मधल्या, 'कॉन्झर्व्हेटिव्ह' म्हणविणाऱ्या पंथाची झाली. ह्यास धर्मशास्त्रही सोडायचे नाही आणि काळही सोडायचा नाही. त्यांची पंचवीस मतदार रब्बींची एक शास्त्र-समिती आहे, आणि तिचा नियम असा की सहा मते मिळाली तरी तो निर्णय ग्राह्य. म्हणजे अल्पमतही अधिकृत राहते. ६ डिसेंबर २००६ रोजी न्यूयॉर्कमध्ये समितीपुढे परस्परविरुद्ध निर्णय मतास आले. एक रब्बी जोएल रॉथ ह्यांचा : बंदी तशीच राहावी. दुसरा डॉर्फ, नेव्हिन्स व राइस्नर ह्या तिघांचा : तोराने नाव घेऊन निषिद्ध केलेले एकच कृत्य वर्ज्य ठेवावे, त्याभोवती रब्बींनी घातलेली बाकीची कुंपणे उठवावीत, समलिंगी मनुष्यास रब्बी होता यावे. आधार कोणता? ताल्मुदमधील 'कवोद हब्रियोत', म्हणजे निर्मिलेल्या प्रत्येक जीवाची प्रतिष्ठा. ह्या प्रतिष्ठेपुढे रब्बींनी घातलेली बंदी मागे सरू शकते, असा जुना नियम आहे. एका मनुष्यास जन्मभर एकटे राहा म्हणून सांगणे ही त्याच्या प्रतिष्ठेची हानी होय, असे त्या तिघांनी मांडले.

मते मोजली. रॉथ ह्यांना तेरा. तिघांनाही तेरा. पंचवीस मतदारांत सव्वीस मते कशी, असा प्रश्न आम्हांस सभा चालविण्याच्या सवयीने ताबडतोब पडला. तर एका रब्बींनी दोन्ही बाजूंस मत दिले होते! आमच्या सभेत असे झाले असते तर खुर्च्या उडाल्या असत्या. तेथे दोन्ही निर्णय अधिकृत ठरले आणि कोणता पाळावा हे ज्या त्या सिनेगॉगच्या रब्बीवर सोपविले. रॉथ ह्यांच्यासह चौघांनी समितीचा राजीनामा दिला. पुढल्याच वर्षी न्यूयॉर्कच्या त्यांच्या विद्यापीठाने समलिंगी विद्यार्थ्यांस रब्बीच्या अभ्यासक्रमात प्रवेश खुला केला. हिल्लेल आणि शम्माई ह्या दोन घराण्यांच्या वादात आकाशवाणी झाली की दोन्ही मते ईश्वराचीच, पण चालवावे हिल्लेलचे, कारण ते प्रतिपक्षाचे म्हणणे आधी सांगतात, अशी ताल्मुदची कथा आहे. २००६ साली आकाशवाणी झाली नाही, त्यामुळे काम मतपत्रिकांवरच भागवावे लागले.

सनातन, म्हणजे ऑर्थोडॉक्स, पंथात बंदी कायम आहे. न्यूयॉर्कचे थोर शास्त्री मोशे फाइनस्टाइन ह्यांनी १९७६ साली लिहिले की ही वासना स्वाभाविक नव्हेच, ते ईश्वराविरुद्ध नुसते बंड. परंतु २०१० साली शंभरांहून अधिक ऑर्थोडॉक्स रब्बी व शिक्षक ह्यांनी एक निवेदन काढले. कृत्य निषिद्धच, पण मनुष्याचा अपमान करणेही निषिद्ध; त्यास सिनेगॉगमध्ये जागा द्यावी, आणि 'सुधारण्यासाठी' स्त्रीशी त्याचे लग्न लावू नये. दुसऱ्या पक्षाने पुढल्या वर्षी उलट घोषणापत्र काढून मानसोपचार हाच मार्ग सांगितला. असे उपचार विकणाऱ्या एका ज्यू संस्थेस २०१५ साली न्यू जर्सीतील ज्यूरीने ग्राहकांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरविले. त्याच वर्षी जेरुसलेममधील समलिंगी समर्थकांच्या मिरवणुकीत एका कट्टर ज्यूने सुरा चालविला आणि एक सोळा वर्षांची मुलगी प्राणास मुकली. तो मनुष्य त्याच मिरवणुकीतील २००५ सालच्या हल्ल्याबद्दल शिक्षा भोगून नुकताच सुटला होता.

इस्रायलमध्ये अशा जोडप्यांचे लग्न आजही लागू शकत नाही. परदेशी लावलेले नोंदवून घ्यावे, एवढे न्यायालयाने २००६ साली ठरविले. लग्नाची किल्ली रब्बींच्या हाती असली की काय होते, हे आपल्या कोकणातून तेथे गेलेल्या बेने इस्रायल मंडळींस पुरते ठाऊक आहे. कुलाब्याच्या गावांत शनिवार पाळून तेलाचे घाणे चालविणारे, घरी मराठी बोलणारे हे लोक. १९६२ साली तेथील प्रमुख रब्बींनी फर्मान काढले की त्यांच्या लग्नाआधी आईकडच्या पिढ्या तपासाव्यात, ते खरे ज्यू आहेत की नाहीत ते पाहावे. मंडळींनी निदर्शने केली, आणि १९६४ साली संसदेने त्यांस सर्वांच्या बरोबरीचे ज्यू म्हणून मान्य केल्यावर ते फर्मान मागे घ्यावे लागले. त्यांचा प्रश्न वेगळा होता खरा. दारावरचा पहारेकरी मात्र तोच.

शेवटी एका मनुष्याविषयी सांगतो. रब्बी स्टीव्हन ग्रीनबर्ग १९८३ साली न्यूयॉर्कच्या ऑर्थोडॉक्स येशिव्हा विद्यापीठातून रब्बी झाले. १९९३ साली त्यांनी आपल्या मनाची हकिगत छापली ती टोपणनावाने, 'याकोव्ह लेवादो', म्हणजे एकटा याकोव्ह. आमच्याकडे निनावी अर्ज येतात त्यांची आठवण व्हावी असे ते नाव. १९९९ साली त्यांनी स्वतःचे नाव उघड केले. ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, योम किप्पूरला, दुपारच्या प्रार्थनेत परंपरेने लेवीयचा तोच अठरावा अध्याय मोठ्याने वाचतात. सुधारणावादी सिनेगॉगांत त्याऐवजी एकोणिसावा घेतात, सनातन्यांत तो तसाच आहे. तरुणपणी ग्रीनबर्ग ते वाचन कोपऱ्यात, प्रार्थनेची शाल डोक्यावर ओढून, रडत ऐकत. पुढे एका वर्षी त्याच उताऱ्यासाठी आपणास वर बोलवावे असे त्यांच्या मनाने घेतले, आणि सर्वांदेखत ते गुंडाळीपाशी जाऊन उभे राहिले.