हजेरीचा रुपया

दिवाळीच्या सुमारास दर्यापूर तालुक्यातलं काळं रान पांढरं होतं. माय पहाटेच वेचणीला जाते, धाकट्याला सांभाळायला घरी कुणीतरी लागतं. ते कुणीतरी म्हणजे बहुधा सातवी-आठवीतली पोरगी. आधी दोन दिवसांचा खाडा, मग आठवड्याचा. शाळा सुटते ती अशी, कुणी न सोडवता. पाठोपाठ लग्नाची बोलणी.

सरकारला हे ठाऊक नव्हतं असं नाही. 1992 मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलींना पहिली ते चौथीपर्यंत हजेरीपोटी रोज एक रुपया भत्ता सुरू झाला. कल्पना उत्तम. पण तीस वर्षं उलटली तरी रुपया रुपयाच राहिला. किलोभर कापूस वेचण्याची मजुरी त्याच्या कितीतरी पुढे गेली! आणि चौथीनंतर, जिथं खरे खाडे सुरू होतात तिथं, तोही नाही.

2023 च्या 'लेक लाडकी' योजनेत पिवळ्या-केशरी कार्डाच्या घरातल्या मुलीला एकूण 1 लाख 1 हजार रुपये आहेत. त्यातले 75 हजार अठराव्या वर्षी. सहावीत 7 हजार, मग थेट अकरावीत 8 हजार. मधली सातवी ते दहावी कोरडी. शिवाय 1 एप्रिल 2023 पूर्वी जन्मलेली, आज सातवीत बसणारी पोर या हिशेबातच नाही.

अठराव्या वर्षीचे पैसे नकोत असं कोण म्हणेल? पण तोवर ती वर्गात टिकली पाहिजे ना. गाडगेबाबांचं शेंडगाव इथून जवळच. ताट मोडा पण पोरं शिकवा, असं ते गरिबाला सांगत. सरकारला ताट मोडावं लागणार नाही. वेचणीच्या महिन्यांत दहावीपर्यंतच्या मुलींना पुरेसा भत्ता, संध्याकाळपर्यंत उघडी अंगणवाडी, आणि तिसऱ्याच खाड्याला घरी जाऊन विचारणारी, गावातलीच एखादी पगारी बाई. एवढ्याची तरतूद अर्थसंकल्पात हवी.