फोर बाय फोर आणि फरशीवरचं पाणी

“जीपला पाण्याचं काय? फोर बाय फोर आहे ती!” परंड्यात पावसाळा लागला की हे वाक्य आमच्या घरात, चहाच्या टपरीवर आणि मिस्त्रीच्या दारात सारख्याच खात्रीनं बोललं जातं. माझ्या नवऱ्याचा जुन्या जीपगाड्यांवर जीव आहे. दारात दोन आहेत, एक डिझेलची एमएम 540 आणि एक पेट्रोलची सीजे-3बी, आणि त्यातली एक कायम जॅकवर असते. त्याबद्दल माझं भांडण नाही. माणसानं एखाद्या गोष्टीवर इतकं प्रेम करावं, हे मला आवडतं. माझं भांडण आहे ते या वाक्याशी. एरवी गाडी बंद पडली तर आपण वाटेत अडकतो, पण या वाक्यावर विसंबून गाडी पाण्यात घातली तर माणूस जातो.

फोर बाय फोर म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते, एवढंच. ती ताकद वापरायची तर चाक जमिनीवर दाबून बसलेलं लागतं, आणि हा दाब येतो गाडीच्या वजनातून. पाणी गाडीच्या तळापर्यंत चढलं की तेच वजन ते खालून उचलू लागतं. सीजे-3बीचं वजन जेमतेम एक टन. चाकांवरचा भार हलका झाला की पकड सुटते, मग चाकं दोन फिरोत नाहीतर चार. वरून वाहत्या पाण्याचा आडवा रेटा असतोच. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर हा रेटा चौपट होतो. काठावर उभं राहून हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तर माणूस फसतो.

अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा वर्षानुवर्षं सांगते आहे की एक फूट वाहतं पाणी बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकतं आणि दोन फूट पाण्यापुढे जीपवजा मोठ्या गाड्या आणि ट्रकही टिकत नाहीत. तिथं पुरात बुडून मरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण गाडी पाण्यात घातल्यामुळे मरतात. यावर हमखास उत्तर येतं, “पण थारला कंपनीच 650 मिलिमीटर सांगते.” सांगते, पण तो आकडा आहे संथ पाण्यातून, चाकांखालची जमीन घट्ट असताना, हळू जाण्याचा. आपल्या ओढ्यावरच्या फरशीचा, म्हणजे बुटक्या पुलाचा, पुढचा तुकडा वाहून गेलाय की शाबूत आहे, हे गढूळ पाण्याखाली कंपनीलाही दिसत नाही आणि चालवणाऱ्यालाही नाही.

2025 च्या सप्टेंबरात सीना नदीला महापूर आला, तेव्हा परंडा तालुक्यातली माणसं बोटीनं आणि हेलिकॉप्टरनं बाहेर काढावी लागली. त्या दिवसांत आमच्याकडेही वाद झाला. नणंदेला आणायला जीप काढायची, असं ह्यांचं म्हणणं. मी म्हटलं, “अहो, जिथं बचावपथकाला बोट लागते, तिथं तुमची जीप काय करणार?” ते रागावले, पण जीप काढली नाही. नणंद बोटीनं सुखरूप बाहेर आली. माझा हट्ट बरोबर होता, हे मी आजही ठामपणे सांगते.

जुन्या जीपचं पाण्याशी आणखी एक वैर आहे. पेट्रोल इंजिनात पुढचा पंखा पाणी उडवतो, ते डिस्ट्रिब्युटरवर आणि प्लगच्या वायरींवर जातं, ठिणगी मरते आणि गाडी नेमकी मधोमध बंद पडते. डिझेलला ठिणगी लागत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण हवेच्या वाटेनं पाणी आत गेलं, तर पिस्टनला ते हवेसारखं दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. स्नॉर्कल बसवला की ही एक भीती कमी होते, पण गाडी तरंगायची थांबत नाही. ड्रम ब्रेक भिजले की बाहेर आल्यावरही काही वेळ धरत नाहीत. तापलेला अ‍ॅक्सल गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. मग डिफरन्शियलचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. ते वेळेत बदललं नाही तर काही दिवसांनी बेअरिंग जातं, आणि दोष मिस्त्रीच्या माथी बसतो.

बाकीचे समज थोडक्यात.

फोर बाय फोर काळ्या रानात अडकत नाही? अडकते. आपली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचा भरते आणि टायर गुळगुळीत होतो. साध्या डिफरन्शियलमध्ये ज्या चाकाला पकड नाही तेच फिरत राहतं, त्यामुळे पुढचं एक आणि मागचं एक चाक घसरलं की गाडी जागीच. वाफसा येईपर्यंत रानात गाडी घालू नये, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, जीपवाल्याला लागतं.

डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर टाकून ठेवली की पकड वाढते? जुन्या जीपमध्ये वळणावर पुढच्या-मागच्या चाकांचा हिशेब जुळत नाही, ताण गिअर आणि जॉइंटवर येतो.

ब्रेक जास्त चांगला लागतो? मुळीच नाही. थांबताना सगळ्याच गाड्यांना चार चाकं असतात.

जाड पत्रा म्हणजे सुरक्षित? जो धक्का पत्रा सोसत नाही, तो माणूस सोसतो.

15 वर्षं झाली की भंगार? खाजगी गाडीची नोंदणी तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. दिल्लीचे नियम वेगळे आहेत.

इंजिन, चासी हवी तशी बदलावी? मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. जीप घेण्याआधी चासी नंबर आरसीशी ताडून पाहा, कारण सुटे भाग जोडून उभ्या केलेल्या ‘मिलिटरीच्या विलीज’ बाजारात पुष्कळ आहेत.

घरात असा जीपवेडा असेल तर त्याच्या वेडावर पाणी टाकू नका. त्याच्यासोबत बॉनेटखाली वाका, गाडी समजून घ्या, म्हणजे नको तिथं “नाही” म्हणताना तुमच्या शब्दाला वजन येईल. आणि फरशीवरून पाणी वाहत असेल तर चावी काढून घ्या. पाणी उतरेपर्यंत परत देऊ नका.