प्राध्यापक संघटना, मराठवाड्यातील

विद्यापीठाचे विभाग व संलग्न महाविद्यालये यांतील अध्यापकांनी वेतन, सेवाशर्ती आणि अध्यापनाचे स्वातंत्र्य यांच्या रक्षणासाठी उभारलेल्या संघटना. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात, म्हणजे छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव या चार जिल्ह्यांत, अशा एकाहून अधिक संघटना कार्य करतात. त्यांपैकी बामुक्टो ही मुख्यतः संलग्न महाविद्यालयांतील अध्यापकांची संघटना असून ती एमफुक्टो या राज्यव्यापी महासंघाची घटक आहे. मुंबईची बुक्टू, पुण्याची पुक्टो, विदर्भातील नुटा व कोल्हापूरची सुटा या तिच्या भगिनी संघटना होत. मुप्टा (महाराष्ट्र अंडरप्रिव्हिलेज्ड टीचर्स असोसिएशन) ही मागासवर्गीय अध्यापकांच्या प्रश्नांवर विशेष भर देते. राखीव पदांची भरती व बिंदुनामावलीचे पालन हे या प्रश्नांपैकी प्रमुख होत.

मराठवाड्यात उच्च शिक्षणाचा प्रसार उशिरा झाला. निजामी राजवटीत येथील महाविद्यालयीन शिक्षण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी निगडित होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यावर जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावी खाजगी शिक्षणसंस्थांची महाविद्यालये निघू लागली. १९९४ मध्ये विद्यापीठाचा नामविस्तार झाला व त्याच वर्षी नांदेड येथे स्वतंत्र विद्यापीठ निघाल्याने त्याचे क्षेत्र आजच्या मर्यादेत आले.

संघटनेची गरज भासली ती या खाजगी महाविद्यालयांत. तेथील अध्यापकाची नेमणूक, बढती व बडतर्फी ही सर्वस्वी संस्थाचालकांच्या हाती असे. जूनमध्ये नेमणूक करून उन्हाळी सुटीपूर्वी ती संपुष्टात आणावयाची, म्हणजे सुटीचे वेतन द्यावे लागत नाही, ही पद्धत राज्यात अनेक ठिकाणी रूढ होती. वेतनपत्रकावर सही एका रकमेची व हाती पडणारी रक्कम दुसरी, ही तक्रार तर सार्वत्रिक होती. गावातील एकमेव महाविद्यालयाच्या चालकांशी वैर घेणे म्हणजे गाव सोडणे असा याचा व्यवहारातील अर्थ होता. एकट्या अध्यापकास जी तक्रार उच्चारणेही अवघड, ती बाहेरच्या कोणीतरी त्याच्या वतीने मांडणे हे संघटनेचे पहिले कार्य ठरले आणि बऱ्याच अंशी ते आजही तसेच आहे.

वेतनाचा प्रश्न मात्र गावपातळीवर सुटणारा नव्हता. विद्यापीठ अनुदान आयोगाने १ जानेवारी १९७३ पासून लागू होणारी नवी वेतनश्रेणी (अधिव्याख्यात्यास रु. ७००–१६००) सुचविली होती, परंतु महाराष्ट्रात तिची अंमलबजावणी रखडली. १९७७ मध्ये महासंघाच्या नेतृत्वाखाली राज्यभर संप झाला आणि २५ ऑक्टोबर १९७७ च्या शासननिर्णयाने ती श्रेणी लागू झाली. पुढील प्रत्येक वेतनसुधारणेच्या वेळी थोड्याफार फरकाने हाच क्रम दिसतो : आयोगाची शिफारस, राज्याचा विलंब, आंदोलन आणि अखेरीस शासननिर्णय. १९८६ च्या श्रेणींसाठी १९८७ मध्ये देशव्यापी संप झाला व राज्याचा निर्णय १९८९ मध्ये निघाला. १९९६ च्या श्रेणींचा निर्णय १९९९ मध्ये, २००६ च्या श्रेणींचा २००९ मध्ये आणि २०१६ च्या श्रेणींचा ८ मार्च २०१९ रोजी निघाला. या शेवटच्या सुधारणेनुसार सहायक प्राध्यापकाचे प्रारंभिक मूळ वेतन रु. ५७,७०० झाले. अनुदानित महाविद्यालयांतील मान्य पदांच्या वेतनाचा भार शासन उचलते व वेतन बँकेमार्फत अदा होते. त्यामुळे सही व प्रत्यक्ष रक्कम यांतील जुनी तफावत या पदांपुरती बरीचशी नाहीशी झाली.

वेतनवाढीइतकाच, किंबहुना तिच्याहून टिकाऊ लाभ म्हणजे अपिलाचा अधिकार. राज्यातील विद्यापीठांच्या १९७४ च्या अधिनियमांत नंतर केलेल्या सुधारणांनी महाविद्यालयीन न्यायाधिकरणाची तरतूद झाली. ती १९९४ च्या व २०१६ च्या विद्यापीठ अधिनियमांतही कायम राहिली. बडतर्फ झालेल्या, सेवेतून काढलेल्या अथवा पदावनत केलेल्या अध्यापकास या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. या तरतुदीचे महत्त्व कायद्यातील एका उणिवेमुळे विशेष आहे. गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात (ए. सुंदरम्बाळ विरुद्ध गोवा, दमण व दीव शासन, १९८८) सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक हा औद्योगिक विवाद अधिनियमाच्या अर्थाने ‘कामगार’ नव्हे असा निर्णय दिला. संविधानाच्या अनुच्छेद १९ नुसार संघटना स्थापण्याचा हक्क अध्यापकांस आहे; परंतु गिरणी कामगारास कामगार न्यायालयाचा जो मार्ग उपलब्ध होता, तो त्यांस नव्हता.

संघटनेचे दैनंदिन कार्य फारसे प्रकाशात येत नाही. महाविद्यालयातील शाखा, जिल्हा शाखा व मध्यवर्ती कार्यकारिणी अशी तिची सर्वसाधारण रचना असते आणि वर्गणीवर तिचा खर्च चालतो. उच्च शिक्षण विभागीय सहसंचालकांच्या कार्यालयात अडलेली वेतननिश्चिती, स्थाननिश्चितीचे प्रलंबित प्रस्ताव, निवृत्त अध्यापकाचे निवृत्तिवेतन, कार्यभाराचे गणित (सहायक प्राध्यापकास आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन) अशा बाबींचा पाठपुरावा पदाधिकारी करतात. अधिसभा व विद्यापरिषद यांवरील अध्यापक प्रतिनिधींच्या निवडणुकाही संघटना लढवितात. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात प्राध्यापक व माध्यमिक शिक्षक एकत्र मतदान करतात. त्यामुळे तेथे निव्वळ प्राध्यापकांच्या संघटनेस मर्यादा पडतात.

संघटनेच्या साधनांवर टीकाही झाली. महासंघाने ४ फेब्रुवारी ते १० मे २०१३ या काळात परीक्षाकार्यावर बहिष्कार टाकला. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि नेट-सेट पात्रता नसलेल्या अध्यापकांच्या सेवा हे त्यातील मुख्य प्रश्न होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर तो मागे घेण्यात आला आणि शासनाने बहिष्काराच्या ७१ दिवसांचे वेतन रोखले. परीक्षाकार्य रोखल्याने शासनावर दडपण येते हे खरे. पण त्याची पहिली झळ विद्यार्थ्यांस लागते व आंदोलनाविषयीची सहानुभूती ओसरते. पुढे २७ जून २०१३ च्या शासननिर्णयाने १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेमलेल्या बिगर नेट-सेट अध्यापकांच्या सेवा नियमित झाल्या. तथापि हा लाभ निर्णयाच्या दिनांकापासूनच देण्यात आल्याने मागील सेवेचा वाद न्यायालयात गेला.

वरील सर्व लाभ मान्य व अनुदानित पदाशी बांधलेले आहेत. २००१ नंतर नव्या महाविद्यालयांस ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर परवानगी देण्याचे धोरण आले, तर अनुदानित महाविद्यालयांत रिक्त जागा वर्षानुवर्षे भरल्या गेल्या नाहीत. ते काम तासिका तत्त्वावरील अध्यापकांकडे आले. त्यांस तासानुसार मानधन मिळते. भविष्यनिर्वाह निधी, भरपगारी रजा वा सुटीचे वेतन मिळत नाही आणि नेमणूक दरवर्षी नव्याने होते. नेट-सेट वा पीएच.डी. असूनही अनेकांची उमेदीची वर्षे याच स्थितीत जातात. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्या नियमित अध्यापकांनाही जुनी निवृत्तिवेतन योजना लागू झाली नाही. म्हणजे एकाच अध्यापककक्षात बसणाऱ्या तिघांचे हितसंबंध तीन प्रकारचे झाले आहेत. तासिका तत्त्वावरील अध्यापकांनी आपली स्वतंत्र आंदोलने उभारली. जुन्या संघटनांच्या मागण्यांत पदभरतीस आता वरचे स्थान मिळते. परंतु ज्याची नेमणूक पुढील जूनमध्ये होईल की नाही हे ठाऊक नाही, तो संस्थाचालकांविरुद्ध तक्रारीवर सही करण्यास, सत्तरच्या दशकातील अध्यापकाप्रमाणेच, कचरतो.