नोकरीसाठी स्वभावाची परीक्षा : कायदा काय सांगतो?

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातील मुले-मुली शिक्षण संपवून बोरगावच्या कारखान्यांत किंवा नागपूरच्या कचेऱ्यांत नोकरी शोधावयास जातात. तेथे गणिताच्या प्रश्नपत्रिकेबरोबर कधी कधी आणखी एक कागद पुढे येतो. ‘तुम्हांस एकटे राहणे आवडते काय?’, ‘लहानसहान गोष्टींनी तुमचे मन खिन्न होते काय?’ उमेदवार गोंधळतो, आणि घरी वडील विचारतात, “असे विचारण्याचा त्यांना अधिकार तरी आहे काय?”

प्रथम दोन परीक्षांतील भेद ध्यानात घ्यावा. एक असते कामाच्या कुवतीची. आपल्या स्टेशनावरून नागपूर-इटारसी मार्गावर गाड्या धावतात. इंजिनावर सहायक चालक नेमताना रेल्वे उमेदवाराचे स्मरण, अवधान व नजरेची चपळाई वेगळी पारखून घेते. सिग्नल नजरेतून सुटला तर शेकडो जीव धोक्यात येतात. म्हणून ह्या कसोटीबद्दल कोणी कुरकुरत नाही. दुसरी परीक्षा स्वभावाची. तिच्यात उत्तर बरोबर की चूक असे नसते, आणि त्या उत्तराचा कामाशी संबंध काय, हेही पुष्कळदा कळत नाही. वाद आहे तो येथे.

अशी परीक्षा घेऊच नये, असे सांगणारा स्वतंत्र कायदा आपल्या देशात नाही. सैन्यातील अधिकारी निवडताना तर मानसशास्त्रीय चाचण्या नियमानेच होतात. सरकारी नोकरीत मात्र घटनेच्या 14 व 16 ह्या कलमांमुळे सर्वांस समान संधी द्यावी लागते. निकष मनमानी असून चालत नाही. खाजगी मालकास ही कलमे थेट लागू होत नाहीत, म्हणून त्यास मोकळीक अधिक.

न्यायालयांनी मर्यादा कोठे घातली, हे दोन खटल्यांवरून दिसते. आयुर्विमा महामंडळाच्या नोकरीच्या अर्जात स्त्रियांस मासिक पाळी व गर्भारपण ह्यांविषयी प्रश्न असत. 1991 साली नीरा माथुर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते रकाने काढून टाकण्यास सांगितले व त्यांस नोकरीवर परत घेण्यास लावले. 1997 साली मुंबई उच्च न्यायालयाने ठरविले की, एच. आय. व्ही. ची बाधा असलेला कामगार काम करण्यास समर्थ असेल व इतरांस त्याच्यापासून धोका नसेल, तर केवळ त्या कारणाने त्यास नोकरी नाकारता येणार नाही. हे खटले स्वभावचाचणीचे नव्हेत; पण विचारणा कामापुरती असावी, हे तत्त्व त्यांतून निघते. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानल्याने ते अधिकच बळकट झाले. अमेरिकेत तर 2005 साली एका अपील न्यायालयाने, मानसिक आजार उघड करू शकणारी चाचणी बढतीसाठी वापरणे बेकायदा ठरविले.

तेव्हा मुलांनी काय करावे? सही करण्यापूर्वी कागद पूर्ण वाचावा. आजार, धर्म किंवा घरची खाजगी बाब विचारली असेल, तर तिचा कामाशी काय संबंध, असे नम्रपणे पण लेखी विचारावे आणि प्रत जवळ ठेवावी. सरकारी भरतीत अन्याय झाल्यास उच्च न्यायालयाचा मार्ग मोकळा आहे. स्त्रियांस व अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांस विधी सेवा समितीकडून वकिलाची मदत विनामूल्य मिळते.

आणि घरच्यांनी एक ध्यानात ठेवावे. अबोल मुलगा अशा चाचणीत मागे पडला, म्हणजे त्याच्या स्वभावात खोट आहे असे नव्हे. एका कागदाने माणूस मोजला जात नाही.