काळी-पिवळीच्या गावी

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात मे महिन्याची सुट्टी म्हणजे कोकण, हे समीकरण पिढ्यान्‌पिढ्या पक्कं होतं. चाळीखाली टॅक्सी उभी राहायची, टपावरच्या कॅरिअरवर वळकट्या आणि ट्रंका चढायच्या आणि बिऱ्हाड भाऊच्या धक्क्याकडे किंवा मुंबई सेंट्रलच्या एसटी डेपोकडे निघायचं. आज त्याच घरांतली आजी, आई-बाबा आणि नातवंडं मे महिन्यात पॅरिस, झुरिच आणि रोम बघून येतात. हा बदल एका रात्रीत झालेला नाही.

युरोप आधी आपल्या घरांत आला तो पुस्तकांतून. अनंत काणेकरांचं ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ 1940 मधलं, गंगाधर गाडगीळांचं ‘सातासमुद्रापलीकडे’ 1959 मधलं आणि पुलंची ‘अपूर्वाई’ 1960 मधली. वाचनालयातून आणलेल्या या पुस्तकांवर समाधान मानण्यावाचून गत्यंतर नव्हतं, कारण परकीय चलनाची चणचण इतकी होती की एके काळी परदेशी निघालेल्या माणसाला सोबत जेमतेम आठ डॉलर नेता येत. पुढे नियम सैल होत गेले. 1984 मध्ये केसरी पाटील यांनी ‘केसरी टूर्स’ सुरू केली, 2013 मध्ये त्यांच्या कन्या वीणा पाटील यांनी ‘वीणा वर्ल्ड’ काढली. अशा कंपन्यांनी मराठी मध्यमवर्गाची भीती घालवली, हे त्यांचं मोठंच काम. मराठी बोलणारा टूर मॅनेजर, संध्याकाळी वरण-भात आणि हरवलो तर शोधायला माणूस, एवढ्या भरवशावर ज्यांनी कधी विमान पाहिलं नव्हतं त्या आज्या आल्प्सच्या बर्फावर उभ्या राहिल्या.

या सहलींचं वेळापत्रक घड्याळाच्या काट्यावर चालतं आणि त्याबद्दल पुष्कळ कुरकुर होते. त्यामागचं कारण मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. युरोपीय संघाच्या कायद्यानुसार बसचालकाला दिवसाला साधारण नऊ तासच गाडी चालवता येते. आठवड्यातून दोनदा दहा. साडेचार तासांनंतर पाऊण तासाची विश्रांती सक्तीची. हे सगळं गाडीतल्या यंत्रात नोंदलं जातं, त्यामुळे ‘अजून थोडं पुढे घ्या ना’ ही विनंती तिथे चालत नाही. म्हणून वाटेतला प्रत्येक थांबा मोलाचा, आणि तो कुठे घ्यायचा हे ठरवणं हीच सहल आखणाऱ्याची खरी परीक्षा. माझ्या मते त्यातला एक थांबा मोटारींच्या म्युझियमला मिळालाच पाहिजे. एरवी ‘ते काय, मुलांसाठी’ म्हणून हा थांबा ऐच्छिक ठेवतात, आणि बाकीचे खरेदीला जातात.

ब्लॅक फॉरेस्टचं कुक्कू क्लॉक बघायला बहुतेक मराठी गट जातात. तिथून श्टुटगार्ट फार लांब नाही. तिथलं मर्सिडीज-बेंझ म्युझियम 2006 साली उघडलं. लिफ्टने थेट सर्वांत वरच्या मजल्यावर जायचं आणि गोल उतारांवरून दशकामागून दशक उतरत खाली यायचं, अशी त्याची रचना आहे. नऊ मजल्यांवर 160 वाहनं. सुरुवातीलाच कार्ल बेंझची तीन चाकांची गाडी दिसते, जिचा पेटंट अर्ज 29 जानेवारी 1886 रोजी दाखल झाला. तिला नीट पाहिलं तर सायकलची बारीक चाकं, मागे आडवं बसवलेलं मोठं गतिचक्र आणि सुकाणूसारखा एक दांडा, एवढाच पसारा. छप्पर नाही, काच नाही.

या गाडीची गोष्ट मुलांपेक्षा त्यांच्या आयांना सांगायला हवी. ऑगस्ट 1888 मध्ये, शाळेला सुट्टी लागल्यावर, कार्लची बायको बेर्था नवऱ्याला न सांगता ऑयगेन आणि रिचर्ड या दोन मुलांना घेऊन याच जातीच्या गाडीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली. म्हणजे माहेरी. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. इंधन संपलं तेव्हा वीस्लोख गावातल्या औषधांच्या दुकानातून लिग्रोइन, म्हणजे डाग काढायचं द्रावण, विकत घेतलं. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली, उघड्या तारेवर मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेकचं लाकूड झिजलं तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. चढावर मुलांनी गाडी ढकलली. जगातला पहिला लांब पल्ल्याचा मोटारप्रवास ही एक कौटुंबिक सहल होती, आणि गाडी चालवणारी, दुरुस्त करणारी एक आई होती. ही गोष्ट बसमध्ये माइकवर सांगितली तर खरेदीला जाणारे निम्मे लोक म्युझियममध्ये येतील, याची मला खात्री आहे.

पण मुंबईकराने खरं तर जायला हवं ते इटलीतल्या तोरिनोला. मिलानपासून जेमतेम 140 किलोमीटर. तरी आपल्या सहली मिलानहून वळतात त्या व्हेनिस किंवा पिसाकडे. फियाट कंपनी याच शहरात 1899 साली स्थापन झाली. शहराच्या लिंगोत्तो भागात तिचा पाच मजली कारखाना आजही उभा आहे. 1923 मध्ये सुरू झालेल्या या कारखान्यात कच्चा माल तळमजल्यावर यायचा, गाडी मजल्यामजल्याने वर चढत तयार व्हायची आणि गच्चीवरच्या धावपट्टीवर तिची चाचणी व्हायची. 1982 मध्ये उत्पादन थांबलं, पण इमारत पाडली नाही. गच्चीवर आता बाग आहे. जवळच पो नदीकाठी इटलीचं राष्ट्रीय मोटार म्युझियम आहे, 1960 सालच्या इमारतीत, 2011 मध्ये नव्याने सजवलेलं.

1953 साली फियाटने दांते जाकोसा या अभियंत्याने घडवलेली नवी ‘1100’ बाजारात आणली. तिची पुढची आवृत्ती म्हणजे आपली फियाट. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जुळवल्या गेल्या आणि मग पन्नासच्या दशकात फियाट आली. 1964 मध्ये ‘1100 डिलाइट’, 1974 पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. उत्पादन 2001 पर्यंत चाललं. याच कारखान्यात कामगार नेते दत्ता सामंतांनी कामगारांना मिळवून दिलेल्या पगारवाढीचा बोलबाला लालबाग-परळच्या गिरण्यांपर्यंत पोचला होता. 18 जानेवारी 1982 च्या संपाआधी गिरणी कामगार सामंतांकडे वळले त्यामागे हे एक कारण होतं. मोटारीचा कारखाना आणि गिरणगाव अशी ही जोडलेली गोष्ट आहे, सुटी नाही.

आणि याच पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी तर घरचीच. स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर, त्यामुळे पुढे ड्रायव्हरशेजारी मोकळी सलग सीट. बाहेर डाव्या बाजूला लोखंडी मीटर, जो ‘टाकला’ की खट्‌कन आवाज यायचा. मागे शेपटीसारखे उचललेले पंख. प्रसूतीसाठी वाडिया, इतर दुखण्याला केईएम, लग्नाला दादर, अशी सगळी धावपळ तिने केली. शेवटची पद्मिनी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी टॅक्सी म्हणून नोंदवली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, म्हणून 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. निदान एक तरी गाडी जपा, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने सरकारकडे केली होती. ती ऐकली गेली नाही.

तोरिनोने बंद पडलेला कारखाना राखला, श्टुटगार्टने पहिल्या गाडीपासूनचा पसारा राखला. आपल्याकडे बेस्टने आणिक आगारात बस आणि ट्रामच्या आठवणींचं म्युझियम केलं, म्हणजे हे आपल्यालाही जमतं. गाड्या अजून मिळतात, त्या दुरुस्त करणारे हातही आहेत. एक काळी-पिवळी, मीटर आणि कॅरिअरसकट, गिरगावात किंवा लालबागेत छपराखाली कायमची उभी करायला राज्य सरकार आणि महापालिकेला फार पैसे पडणार नाहीत. आणि वाचकहो, पुढच्या मे महिन्याची सहल ठरवायला बसाल तेव्हा कंपनीच्या माणसाला एवढं जरूर विचारा: मिलाननंतर एक दिवस तोरिनोला देता येईल का? दहा कुटुंबांनी विचारलं तर कार्यक्रम बदलतो.